दोन लॉट क्रूड, २० एप्रिल २०२०

हे प्रकरण माझ्या आत्तेभावाचं आहे आणि त्याला विचारूनच लिहितोय, फक्त नाव टाकू नको एवढंच म्हणाला. मी त्याला दादा म्हणतो. इचलकरंजीला त्याचे पॉवरलूम आहेत आणि जोडीला तीनेक वर्षं तो एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजवर क्रूड ऑइलचे, म्हणजे कच्च्या तेलाचे, सौदे करत होता. पोझिशन सायझिंगचा, म्हणजे एका सौद्यात किती माल घ्यायचा याचा, विषय निघाला की सगळे दोन टक्क्यांचा नियम सांगतात, आणि ज्याचं खातं साफ झालं त्याने नियम पाळला नसणार असं आपण मनातल्या मनात ठरवूनच टाकतो. दादाने नियम पाळला होता, वहीत लिहून पाळला होता, तरी ९ लाखांच्या खात्यात सव्वा लाख उरले. म्हणून हे सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी तो ट्रेड कसा करायचा ते सांगतो. शंभर पानी वही, पेन्सिलीने आखलेले रकाने: तारीख, एन्ट्री, एसएल (स्टॉप लॉस, तोटा थांबवायला जिथे विकायचं तो भाव), एका लॉटला रिस्क, किती लॉट. पाच रकाने भरल्याशिवाय ऑर्डर टाकायची नाही. माझ्या ओळखीत इतक्या शिस्तीने ट्रेड करणारा दुसरा कोणी नव्हता, हे मी आजही म्हणेन. एका ट्रेडमध्ये खात्याच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही, म्हणजे ९ लाखांवर १८,००० रुपये. क्रूडचा लॉट १०० बॅरलचा, म्हणजे भाव एक रुपया हलला की लॉटमागे १०० रुपये. एन्ट्री आणि एसएलमधलं अंतर गुणिले १०० केलं की एका लॉटची रिस्क मिळते आणि १८,००० ला तिने भागलं की लॉट किती ते कळतं. गणित सोपं आहे आणि चुकीचं अजिबात नाही.

आता एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊन होता, माग बंद होते, कधी नव्हे ती इचलकरंजीत शांतता होती आणि दादा दिवसभर घरी. जगभर विमानं जमिनीवर, गाड्या घरात, तेल वापरणारं कोणी नाही. १२ एप्रिलला ओपेक ही तेल निर्यातदार देशांची संघटना आणि रशिया वगैरे देशांनी मिळून रोजचं ९७ लाख बॅरल उत्पादन कमी करायचं ठरवलं, पण ती कपात लागू होणार होती मे महिन्यापासून आणि तोवर निघालेलं तेल ठेवायचं कुठे हा प्रश्न होता. अमेरिकेच्या डब्ल्यूटीआय क्रूडची डिलिव्हरी होते ओक्लाहोमातल्या कुशिंग गावात, तिथल्या टाक्या भरत चालल्या होत्या, आणि ज्या रिकाम्या दिसत होत्या त्यातल्या बऱ्याच आधीच भाड्याने गेलेल्या होत्या. मे महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टचा (आधी भाव ठरवून पुढे माल देण्याघेण्याचा करार) शेवटचा दिवस होता २१ एप्रिल. ज्याच्याकडे त्या दिवशी कॉन्ट्रॅक्ट राहील त्याला खरंखुरं तेल उचलावं लागणार, आणि टाकी नसेल तर तो कुठे नेणार?

शुक्रवारी १७ तारखेला न्यूयॉर्कला मे कॉन्ट्रॅक्ट १८.२७ डॉलरला बंद झाला. सोमवारी २० तारखेला आपल्याकडे बाजार उघडल्यापासूनच क्रूड पडत होतं. एमसीएक्सच्या एप्रिल कॉन्ट्रॅक्टची एक्सपायरी, म्हणजे मुदत संपायची, त्याच दिवशी. दादाने दुपारी १,००० च्या आसपास घेतलं. वहीतली नोंद मी स्वतः पाहिलीये: एन्ट्री १,०००, एसएल ९१०, एका लॉटला ९,०००, लॉट दोन. बरोबर १८,०००, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही.

त्याचं म्हणणं होतं की हजार रुपयाला बॅरल हा भाव आयुष्यात परत बघायला मिळणार नाही, आणि संध्याकाळी अमेरिकेचं सेशन सुरू झालं की बाउन्स येईल. लॉकडाऊनमुळे तेव्हा एमसीएक्स संध्याकाळी ५ लाच बंद व्हायचं, एरवी रात्री साडेअकरापर्यंत चालू असतं. ५ वाजता भाव होता ९६५ च्या आसपास. एसएल लागला नव्हता. तोटा होता लॉटमागे साडेतीन हजार, दोन लॉटचे सात हजार, म्हणजे ठरवलेल्या रिस्कच्या निम्म्याहून कमी. त्याने विचार केला की पोझिशन अजून नियमात आहे, मग एक्सपायरीला जाऊ दे, सेटलमेंट, म्हणजे शेवटचा हिशोब, न्यूयॉर्कच्या मे कॉन्ट्रॅक्टच्या भावानेच होणार आहे, तिथे वर गेलं तर आपल्यालाही तोच भाव मिळेल. आणि एक गोष्ट त्याने आणखी केली होती जी बरेच लोक करतच नाहीत. क्रूड पार शून्यावर गेलं तर काय हे त्याने धरलं होतं. दोन लॉट म्हणजे २०० बॅरल, हजार रुपयांनी २ लाख. वाईटात वाईट २ लाख जातील, खातं तरी उरेल. वहीच्या समासात तसं लिहिलेलंही आहे, "शून्य = २ लाख".

माझ्या मते सगळं प्रकरण ५ वाजताच्या त्या क्षणातच आहे, पण रात्री काय झालं ते आधी सांगतो.

आपले संध्याकाळचे ५ म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे साडेसात. तिथला त्या दिवशीचा सेटलमेंट भाव ठरतो दुपारी अडीचला, म्हणजे आपल्या रात्री बाराला. मधले सात तास दादाकडे पोझिशन होती पण बटण नव्हतं. तो मोबाइलवर न्यूयॉर्कचा भाव बघत बसला होता, ११ डॉलर, ८, ५, मग २. त्याने मला फोन केला तेव्हा साडेदहा वाजून गेले असतील, म्हणाला, "अरे हे थांबतच नाहीये." मला काय बोलावं सुचेना. ११ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास भाव शून्याच्या खाली गेला आणि पुढच्या वीस-बावीस मिनिटांत उणे ४०.३२ डॉलरपर्यंत जाऊन उणे ३७.६३ ला सेटल झाला. म्हणजे विकणारा घेणाऱ्याला बॅरलमागे साडेसदतीस डॉलर वर देतोय, फक्त हे तेल घेऊन जा म्हणून. दादाला आधी वाटलं अ‍ॅप बिघडलंय, त्याने ते बंद करून परत उघडलं.

एमसीएक्सने आधी तात्पुरता सेटलमेंट भाव लावला १ रुपया. त्या हिशोबाने दादाचा तोटा १,९९,८००, समासात लिहिलेल्या २ लाखांच्या जवळजवळ बरोबर. तो वहिनींना म्हणाला सुद्धा की मी धरलं होतं तेवढंच गेलं, आता झोपू या. दुसऱ्या दिवशी अंतिम भाव आला, उणे २,८८४ रुपये. हिशोब सरळ आहे, ३७.६३ डॉलर गुणिले त्या दिवशीचा आरबीआयचा डॉलरचा रेफरन्स रेट, जो ७६ रुपये ६४ पैशांच्या आसपास होता. १,००० वरून उणे २,८८४ म्हणजे ३,८८४ रुपयांची घसरण, एका लॉटला ३,८८,४००, दोन लॉटला ७,७६,८००. ठरवलेली रिस्क होती १८,००० आणि गेले त्याच्या ४३ पट. लेजरवर उरले १,२३,२००. त्यातून परत ९ लाख करायचे तर खातं सात पटीहून जास्त वाढवावं लागतं. त्या पैशातले काही मागाच्या कर्जाच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले होते हे वहिनींना त्या दिवशी कळलं, आणि त्या घरात पुढचे काही महिने कसे गेले ते मी इथे लिहिणार नाही.

देशभरात असे खूप लोक अडकले. काही ब्रोकर कोर्टात गेले, बाजार लवकर बंद ठेवला आणि मग आमच्या अंगावर हा भाव टाकला असं त्यांचं म्हणणं. चीनमध्ये बँक ऑफ चायनाच्या एका रिटेल प्रॉडक्टमध्ये सामान्य गिऱ्हाईक असंच अडकलं, गुंतवले त्याहून जास्त गेले. म्हणजे हे फक्त आपल्याकडचं नाही.

आता लवकर बंद होण्याचा मुद्दा. दादा अजूनही म्हणतो की साडेअकरापर्यंत बाजार चालू असता तर मी ९१० ला सुटलो असतो. बहुतेक सुटला असता, मान्य, ५ नंतर भाव घसरत घसरतच खाली आला, एकदम नाही पडला. पण शून्याखालची सगळी पडझड झाली ती ११:३८ नंतर. नेहमीच्या वेळेतही एमसीएक्स तेव्हा बंद झालेलं असतं! म्हणजे ज्याने "शून्यच तर होईल" म्हणून साडेअकराला पोझिशन तशीच ठेवली असती त्यालाही उणे २,८८४ च मिळाले असते. वेळ कमी होती हे खरं कारण आहे पण पूर्ण कारण नाही.

पूर्ण कारण मला असं दिसतं की दोन टक्क्यांच्या गणितात एसएल नावाचा जो आकडा आपण टाकतो तो बाजार चालू असेपर्यंतच खरा असतो. ९१० ला मी बाहेर पडणार याचा अर्थ ९१० ला कोणीतरी घेणारा असणार आणि त्या वेळी माझी ऑर्डर स्वीकारणारा बाजार उघडा असणार. दुपारी दोन वाजता दोन्ही होतं. ५ वाजता ते संपलं. तेव्हा वहीतला ९० रुपयांचा आकडा खोडून तिथे दुसरा लिहायला हवा होता, भाव मला न विचारता एका रात्रीत किती हलू शकतो तो आकडा. एकच पोझिशन, तेच दोन लॉट, पण ४:५९ ला तिची रिस्क १८,००० होती आणि ५:०१ ला किती होती हे दादाने मोजलंच नाही. मी असतो तर मीही मोजलं नसतं, तेव्हा आमच्यात कोणीच मोजत नव्हतं.

आणि हा आकडा काढायला उणे भाव येणार हे ओळखायची गरज नव्हती हे मला सगळ्यात जास्त लागतं. सहाच आठवड्यांपूर्वी, ९ मार्चला, होळीच्या दिवशी, सौदी आणि रशियाचं फिसकटल्यावर डब्ल्यूटीआय एका दिवसात जवळपास २५ टक्के पडलं होतं, ४१ वरून ३१ डॉलर. हे दादाला माहीत होतं, त्या दिवशी त्याची पोझिशन नव्हती म्हणून सुटला होता. आता तेच २५ टक्के २० एप्रिलच्या वहीत टाका: १,००० चे २५ टक्के म्हणजे २५० रुपये, एका लॉटला २५,०००. २ टक्के म्हणजे १८,०००. भागाकार करा, एकही लॉट येत नाही. उत्तर येतं शून्य.

शून्य लॉट हेसुद्धा पोझिशन सायझिंगचं उत्तर असू शकतं हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. सगळीकडे शिकवतात दोन घ्यायचे की चार, आणि गणितात ०.७ आलं की माणूस म्हणतो चला एक घेऊ. लॉटचा आकार मी ठरवत नाही, एक्स्चेंज ठरवतं, त्यामुळे माझ्या खात्याला तो झेपत नसेल तर तो माल रात्रभर माझ्यासाठी नाही, एवढं सरळ आहे. २५ टक्क्यांचा गॅप, म्हणजे बाजार बंद असताना भावाची उडी, धरून एक लॉट रात्रभर ठेवायचा तर दादाचं खातं साडेबारा लाखांचं हवं होतं.

इथे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की साडेबारा लाखवाल्याने एक लॉट ठेवला असता तरी त्याचेही ३,८८,४०० गेले असते, खात्याचे ३१ टक्के. म्हणजे गॅप धरून साइज काढला तरी त्या रात्री २ टक्क्यात कोणी सुटलं नसतं. पण ३१ टक्के गेलेला माणूस परत उभा राहतो, ८६ टक्के गेलेला नाही. साइजचं काम मला तरी एवढंच वाटतं, की आपण धरलं होतं त्याच्या कितीतरी पट वाईट झालं तरी उद्या सकाळी खातं शिल्लक असावं.

उरलेलं जे आहे ते साइजने सुटत नाही, ते एक्सपायरीचं आहे. सेटलमेंट न्यूयॉर्कच्या भावाने आणि आरबीआयच्या रेटने होणार हे कॉन्ट्रॅक्टच्या नियमांतच लिहिलेलं होतं, दादाला ते तोंडपाठ होतं आणि त्याला तो फायदा वाटत होता. पण एक्सपायरीपर्यंत धरलं म्हणजे विकायचा भाव ठरवायचं काम दुसऱ्यांच्या हातात दिलं, आणि हे दुसरे कोण होते तर कुशिंगला टाकी नसलेले, कुठल्याही भावाला सुटायला बघणारे लोक. त्याच दिवशी न्यूयॉर्कला जूनचा कॉन्ट्रॅक्ट २०.४३ डॉलरला बंद झाला. तेल तेच, गाव तेच, फरक एका महिन्याचा, आणि भावात ५८ डॉलरचा फरक! न्यूयॉर्कचा हा बाजार चालवणाऱ्या सीएमईने एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच कळवलं होतं की काही कॉन्ट्रॅक्टचे भाव शून्याखाली जाऊ शकतात आणि त्यांची सिस्टीम त्याला तयार आहे. इचलकरंजीत बसून दादा ते कुठे वाचणार होता, मी पुण्यात बसून वाचलं नव्हतं. पुढे आपल्याकडच्या बाजार नियामकाने, सेबीने, शून्याजवळच्या आणि उणे भावांसाठी मार्जिनचे वेगळे नियम आणले, पण ते सप्टेंबरमध्ये.

मार्जिनबद्दल, म्हणजे सौदा घेताना भरावी लागणाऱ्या अनामत रकमेबद्दल, एकच. लॉटला मार्जिन लाखाच्या आतच होतं, खात्यात ९ लाख, म्हणजे मार्जिनच्या हिशोबाने दादा आणखी कितीतरी लॉट घेऊ शकत होता आणि त्या दिवशी ट्रेडिंगच्या ग्रुपवर लोक तसे घेतही होते. मार्जिन हा एक्स्चेंजने स्वतःच्या सेफ्टीसाठी काढलेला आकडा आहे, त्याचा माझ्या खात्याशी काही संबंध नाही. दादा दोनच लॉटवर थांबला म्हणून खातं उणे झालं नाही, तीन असते तर ११ लाख ६५ हजार गेले असते आणि ब्रोकरला वरून अडीच लाखांहून जास्त द्यावे लागले असते. तेव्हा नियमाने त्याला काहीच दिलं नाही असं नाही. तो नियम अर्धवट होता, खोटा नव्हता.

दादा दीड वर्ष बाजारापासून लांब राहिला. मग परत आला, आता खातं ४ लाखांचं आहे. वहीत पाचाऐवजी सात रकाने आहेत: "दिवसा लॉट", "रात्री लॉट", आणि एक्सपायरीची तारीख. दिवसाचा साइज अजून एसएलनेच काढतो कारण बाजार चालू असताना एसएल चालतो. रात्रीचा साइज गॅपने काढतो आणि संध्याकाळी एकदा परत मोजतो, जास्त असेल तेवढं विकून टाकतो, फायद्यात असो की तोट्यात. एक्सपायरीच्या आधी तीन दिवस पोझिशन मोकळी, तिथे गणित सुद्धा करत नाही. आता १० बॅरलचा क्रूड मिनी मिळतो त्यामुळे थोडं सोपं झालंय, पण तोही रात्री फारसा बसत नाही. समजा भाव ६,००० आहे, २५ टक्के म्हणजे १,५००, मिनीच्या एका लॉटला १५,०००. ४ लाखांचे २ टक्के ८,०००. परत शून्य. रात्रभर व्ह्यू ठेवायचाच असेल तर तो ऑप्शन विकत घेतो, ज्यात भरलेल्या पैशापेक्षा, म्हणजे प्रीमियमपेक्षा, जास्त जात नाही, आणि भरलेला प्रीमियम पूर्ण गेला असं धरूनच त्याचा साइज काढतो, ८,००० च्या आत.

लोक विचारतात असं केलं तर रात्री ट्रेड राहतोच कुठे. खरंय, कमी राहतो. मोठ्या खात्यावाल्यांना जास्त लॉट मिळतात, लहान खात्यावाल्याला कमी, आणि ही गोष्ट लहान खात्यावाल्याने मान्य करायला वेळ लागतो कारण तोच सगळ्यात घाईत असतो. दादालाही वेळ लागला.

एका बाबतीत मात्र आमचं अजून जमत नाही. मी म्हणतो गॅप २५ टक्के धरायचा, ९ मार्चचा. तो म्हणतो ४०, कारण २१ एप्रिलला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, जूनचा कॉन्ट्रॅक्ट सुद्धा २०.४३ वरून ११.५७ ला आला, ४३ टक्के खाली, आणि त्याची तर एक्सपायरी महिनाभर लांब होती. मी म्हटलं दादा ४० धरलास तर तुला आयुष्यात रात्री क्रूड ठेवता येणार नाही. तर म्हणाला, "मग नाही ठेवत." गेल्या वेळी दिवाळीला गेलो तेव्हा वही बघितली, रात्रीच्या रकान्यात ४० चाच हिशोब होता.